ताप मेंदूत शिरतो तेव्हा



१९६५ साली नागपूर भागातील चांदीपुरा येथे तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला. गावाचेच नाव त्याला पडले. २००३ साली आंध्र प्रदेशात व आपल्या महाराष्ट्रात त्याने मुले दगावली. सँडफ्लाय नावाची, डासाहूनही लहान माशी तो पसरवते. सकाळी ताप, संध्याकाळी आकडी, आणि एक-दोन दिवसांत मूल हातचे जाते.

मेंदूत घडते तरी काय? प्रत्येक पेशीत हजारो जनुके असतात; पण सगळीच एका वेळी काम करीत नाहीत. हजेरीपटावर सारे शिक्षक असतात, तरी तासाला वर्गात एकच असतो ना, तसे. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडते. धोक्याची घंटाच ती! शेजारच्या पेशींतील निजलेली शेकडो जनुके जागी होऊन विषाणूची वाढ रोखू लागतात. मात्र आग विझवताना वह्या-पुस्तकेही भिजावीत, तशी या धावपळीत मेंदूला सूज येते. उंदरांवरील प्रयोगांत तर मेंदूच्या पेशी स्वतःचाच अंत करून घेताना आढळल्या.

तापात मूल बरळू लागले की आपल्याकडे अजून 'बाहेरचे' बघायला धावतात. नजर काढायची तर जरूर काढा, पण दवाखान्याच्या गाडीत बसल्यावर! या विषाणूवर खास औषध नाही. आकडी थांबवणे, सूज उतरवणे, श्वास सांभाळणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते, आणि तेही मूल वेळेत पोचले तर.