गरज कशी मांडावी : ई-पीक पाहणीच्या निमित्ताने



१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून पिकाची नोंद करण्याची पद्धत सुरू झाली. गाव नमुना बारामधील ही नोंद पूर्वी तलाठी करीत. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपये साहाय्य देताना प्रथम हीच नोंद आवश्यक मानली गेली. पुढे ती अट शिथिल करावी लागली. एका नोंदीवर केवढे अवलंबून असते!

अशा संगणकीय व्यवस्थेची मागणी कागदावर बहुधा ‘पीक नोंदविण्याची सोय असावी’ एवढीच उतरते. कोणाला, कशासाठी, हे त्यात नसते. परदेशातील संगणकतज्ज्ञांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस यावर साधा उपाय काढला. लहानशा कार्डावर वापरणाऱ्याच्याच तोंडची गरज लिहावयाची; बाकीचे त्याच्याशी बोलून ठरवावयाचे.

अकोटचा शेतकरी म्हणेल, ‘कपाशीत तुरीच्या ओळी आहेत, दोन्ही पिके क्षेत्रासह नोंदविता यावीत, म्हणजे विम्याच्या वेळी तूर गळणार नाही.’ धारणीचा म्हणेल, ‘शेतात रेंज नसते, टिपलेली नोंद गावात आल्यावर जावी.’ ‘ॲप सुलभ असावे’ हे वाक्य मात्र फाडून टाकावे. ते तपासणार कसे? तुरीचे कार्ड तपासता येते : उताऱ्यावर दोन्ही पिके उमटली की झाले. स्मार्टफोन नसलेल्या विधवा खातेदाराचे कार्ड बहुधा कोणी लिहीतच नाही. ग्रामसभेत तिला पुढे बसवून ते लिहून घ्यावे.