लाल गोळी रोजच्या रोज

आशाताईंनी दिलेली लाल गोळी तुमच्या घरी आहे कुठे? बऱ्याच घरांत ती पिशवीतच पडून असते. हातात आली म्हणजे पोटात गेली, असं होत नाही ना!

गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी निदान 180 दिवस लोहाची गोळी घ्यायची असते. बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. इतके दिवस नुसत्या आठवणीवर निघत नाहीत. म्हणून तिला रोजच्या कामाची जोड द्या. रात्रीची जेवणं झाली, ओटा पुसला, की गोळी. सकाळी घेतली तर मागोमाग चहा येतो, आणि चहामुळे लोह अंगी कमी लागतं. जेवणानंतर मळमळही कमी होते. वर लिंबूपाणी घेतलं तर उत्तमच. कॅल्शियमची गोळी मात्र वेगळ्या वेळी.

घेतली की कॅलेंडरवर रेघ मारा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, एकच.

शौचाला काळी होते म्हणून कितीतरी जणी चार दिवसांत सोडतात. ते लोहामुळे होतं, घाबरू नका. गोळीने मूल फार मोठं होतं, बाळंतपण अडतं, असं सासूबाई म्हणाल्या तर त्यांनाच आशाताईंकडे घेऊन जा. भांडून काही होत नाही.

डबा उंच फळीवर ठेवा. पोरांनी खाऊ समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतेल.

पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीबरोबर रिकामी पाकिटंही आणा, मोजू.