मागच्या चाकांचे कुलूप

नौपाड्याच्या गोखले मार्गावर पिकअप काटकोनात वळते, तेव्हा मागच्या चाकांत दीड मीटर अंतर असल्यास बाहेरचे चाक सुमारे २.३६ मीटर अधिक धावते. ही मुभा डिफरन्शियल देते. परंतु मुरबाडकडील चिखलात एक चाक घसरले की दुसरेही निर्बळ होते आणि भरलेला माल जागीच अडकतो. कुलूप लावताच दोन्ही चाके एकजुटीने फिरतात. डांबरी रस्त्यावर मात्र ते लावून ठेवल्यास टायर झिजतात, वळणे बिकट होतात. म्हणून इच्छेनुसार लावता-काढता येणारेच कुलूप निवडावे. बसविण्यापूर्वी ॲक्सलच्या दात्यांची संख्या जुळते का ते पाहावे; क्राऊन-पिनियनमधील मोकळीक जाणत्या मिस्त्रीकडून मोजून घ्यावी. केवळ शहरात फिरणाऱ्याने हा खर्च टाळणेच श्रेयस्कर.