गाडी आणि गाडीतील माणूस

(रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक म्हणून नावे नोंदविलेल्या तरुणांसमोर व त्यांच्या पालकांसमोर दिलेले भाषण)



रुग्णवाहिकेवर काम करण्यासाठी आपल्या वस्तीतील तरुणांनी आपण होऊन नावे दिली, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. नाव देताना त्यांच्यापैकी एकाने मला विचारले, ‘डॉक्टरसाहेब, गाडी जोरात हाकता आली म्हणजे झाले ना?’ माझे आजचे भाषण हे त्याच प्रश्नाचे उत्तर समजावे.

मी सोळा-सतरा वर्षांचा असताना माझा चुलतभाऊ नारळाच्या झाडावरून पडला. तो बेशुद्ध होता, पण श्वास चालू होता. घशातून घरघर ऐकू येत होती. आम्ही त्याला जीपमध्ये घातले. त्याला आराम वाटावा म्हणून मी त्याचे डोके मांडीवर घेतले आणि खाली चादरीची घडी सारली. वाटेत घरघर थांबली. आम्हांला वाटले, झोप लागली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तो गेलेला होता.

पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना मला कळले की, बेशुद्ध माणसाची जीभ सैल होऊन मागे पडते आणि डोके छातीकडे झुकले की श्वासाची वाट आणखीच आवळते. घरघर म्हणजे अर्धी बंद झालेली वाट. ती बहुधा माझ्या मांडीवरच पूर्ण बंद झाली. एरवी तो वाचला असता की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. जीप मात्र जोरातच हाकली होती.

म्हणून रक्त पिचकारीसारखे उडत नसेल, तर प्रथम श्वासाची वाट पाहावी. बेशुद्ध माणसाच्या डोक्याखाली उशी नको. कपाळावर एक हात ठेवून डोके मागे झुकवावे व दुसऱ्या हाताच्या बोटांनी हनुवटी वर उचलावी. जीभ घशापासून सुटते. पडलेल्या किंवा अपघातात सापडलेल्या माणसाची मान मोडलेली असू शकते. तेथे मान न हलवता जबड्याचे दोन्ही कोन मागून पुढे ढकलावेत. तेवढ्याने वाट उघडली नाही, तर डोके हळूच मागे करावेच लागते, कारण श्वासावाचून मान राखून उपयोग नाही. उलटी आली तर चौघांनी मिळून त्याला ओंडक्यासारखा एकसंध कुशीवर वळवावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालणे, ही आपल्याकडची माया फार घातक आहे.

श्वासच नसेल, किंवा माणूस मासळीसारखा अधूनमधून नुसते तोंड उघडीत असेल, तर हृदय थांबले असे धरून चालावे. प्राणवायूवाचून चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. रुग्णाला कठीण जागेवर उताणा ठेवून छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग टेकवावा, कोपर ताठ ठेवावेत आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबावी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. दोन मिनिटांत दाबणारा थकतो व त्याला ते कळत नाही; तेव्हा जोडीदाराने जागा घ्यावी.

रक्तस्रावावर जखमेवरच घट्ट दाब हवा. रक्त थांबले का हे क्षणाक्षणाला उचलून पाहू नये. आकडीच्या रोग्याला चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. भाजल्यावर वीस मिनिटे वाहते पाणी, टूथपेस्ट नव्हे. फुरसे चावल्यास चिरणे, चोखणे, करकचून बांधणे सर्व वर्ज्य. अवयव स्थिर ठेवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

आता पालकांसाठी थोडेसे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात पूर्वी रोग्याला पोलिसांच्या गाडीतून नेत. मागे त्याच्याजवळ कोणी जाणकार बसत नसे. १९६७ साली तेथे ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर मूलगामी संशोधन करणारे डॉ. पीटर सफार यांनी तिच्यासाठी हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या उपेक्षित वस्तीतले तरुण शिकवून तयार केले. त्यांपैकी कित्येकांना नोकरी नव्हती, काहींची शाळाही पुरी झालेली नव्हती. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी या पथकाचे वैद्यकीय मार्गदर्शन केले, आणि त्यांनी लिहिलेला ग्रंथ या व्यवसायाचे पाठ्यपुस्तक ठरला. १९७५ साली नगरपालिकेने स्वतःची सेवा सुरू करून ही सेवा बंद केली, हा अन्यायच झाला. पण तोवर शिकलेला माणूस गाडीत बसवावा लागतो, हे त्या मुलांनी दाखवून दिले होते. आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली आली. मुलगा किंवा मुलगी या क्षेत्रात जाऊ इच्छीत असेल, तर ‘हमालीचे काम’ म्हणून मोडता घालू नका.

पोलिसांच्या भीतीने जखमीपासून दूर उभे राहण्याचेही आता कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४-अ या कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले असून स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: काय घडले, केव्हा घडले, तुम्हांला काय आढळले आणि तुम्ही काय केले. वेळा हाताच्या पंजावर लिहिल्या तरी चालेल. न केलेले केले म्हणून सांगू नका.

आता खुर्च्या मागे सारा आणि तो रबरी पुतळा पुढे आणा. छाती दाबण्याचा सराव याच्यावरच करायचा, मित्राच्या छातीवर कधीही नाही. जोडीजोडीने या. गाडी जोरात हाकण्याबद्दल विचारणारे आमचे मित्र कोठे बसले आहेत? त्यांनी पहिल्या जोडीत यावे.