दर्यावरची भाऊबंदकी



भाऊबंदकी म्हटली की आपल्याला बांधावरून चाललेला खटला आठवतो. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत ती भाऊबंदकी निराळ्या जातीची आहे. तिच्यात वाटणी नाही, कोर्टकचेरी आहे पण ती एकमेकांवर नव्हे. आपल्यातला एखादा दर्यावरून परत आला नाही, तर त्याच्या घरच्या चुलीचे काय, या प्रश्नाला जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी दिलेले ते उत्तर आहे. मोतमावलीच्या टेकडीखाली राहणाऱ्या वांद्रेकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

आधी कायदा पाहू. तो फार करडा होता. जहाज बुडाले की त्याच घटकेला नोकरी संपे आणि पगारही थांबे. १९१२ च्या एप्रिलात टायटॅनिक बुडाले. त्यावरचा एकही इंजिनियर वाचला नाही; आणि कंपनीने पगाराचा हिशेब जहाज बुडाले त्या वेळेपर्यंतच धरला. कंपनीने यात बेकायदा काही केले नव्हते, आणि हीच त्यातली खरी भयंकर गोष्ट! पुढे १९२० साली जिनोव्हा येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तिने ठरविले की जहाज बुडाल्यावर बेकार झालेल्या नाविकाला निदान दोन महिन्यांपर्यंत भरपाई मिळावी. दोन महिने! पण शून्याच्या पुढे ते पहिले पाऊल होते.

आता कोणी म्हणेल, अधिकाऱ्याला कसली आली आहे गरिबी? सोनेरी पट्ट्या, पांढरा पोशाख, कप्तानाच्या टेबलावर जेवण. पण अधिकाऱ्याची सारी इस्टेट म्हणजे एक कागद, त्याचे प्रमाणपत्र. जहाज खडकावर चढले की चौकशी बसते, आणि चौकशीचे न्यायालय तो कागद काही काळ अडकवून ठेवू शकते किंवा कायमचा रद्द करू शकते. खलाशी दुसऱ्या जहाजावर चढेल. कागद गेलेला कप्तान कोठे चढणार? इंग्लंडात १८५० च्या कायद्याने ही प्रमाणपत्रे सक्तीची झाली, आणि अवघ्या सात वर्षांत, १८५७ साली, लिव्हरपूलच्या कप्तानांनी आपली संघटना उभी केली. तिने अडचणीतल्या अधिकाऱ्याची बाजू घेतलीच, शिवाय १८५९ मध्ये कॉन्वे नावाचे शिक्षणजहाजही सुरू केले. पुढची पिढी घडविणे हाही भाऊबंदकीचाच भाग, हे त्यांनी ओळखले होते.

मुंबईत मात्र क्रम उलटा होता. येथे भाऊबंदकी आधी खालच्या डेकवर जन्मली. रत्नागिरीकडचे सारंग आणि टंडेल होते, गोव्याचे बटलर, भंडारी आणि स्टुअर्ड होते; अधिकारी बहुतेक गोरेच. गोव्याच्या तारवट्यांनी धोबीतलावावर आणि माझगावात आपल्या ‘कुडी’ थाटल्या. कूड म्हणजे एका गावच्या लोकांची खोली. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, समोर गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची तेर्स. महिन्याची वर्गणी अगदी थोडी. दोन सफरींच्या मध्ये नोकरी नसलेला माणूस येथे चटई टाकी, आणि कोणी मेला तर त्याची मूठमाती गाववाले करीत. कोणी घटनाकार बसविला नव्हता, तरी नियम असे काटेकोर की आजच्या सहकारी सोसायट्यांनी पाहून यावे!

या कुडीचा पाया होता गाव. अधिकाऱ्याला तसे गाव कोठून आणायचे? सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा मालक देशी होते. पण जहाज चालविण्यास प्रमाणपत्रे घेतलेले देशी अधिकारी मिळणे मुश्कील. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांसारख्या माणसालाही ते बाजारात विकत घेता येण्यासारखे नव्हते. १९२७ मध्ये ‘डफरीन’ हे जुने सैनिकवाहू जहाज माझगावच्या पाण्यात नांगरले आणि हिंदी मुले त्यावर अधिकारी होण्यास शिकू लागली. पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी १९५८ साली भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. पण आमच्या मते डफरीनचे खरे काम निराळे. प्रांत, धर्म, भाषा वेगळ्या असलेली मुले एकाच डेकवर झोपली, एकाच पाण्याने डेक धुऊ लागली. त्यांना तेथे गाव मिळाले! १९३९ साली मुंबईत मॅरिटाइम युनियन ऑफ इंडिया ही व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली, तिच्यामागे अशी एक पिढी तयार होती.

त्याच सुमारास खलाशांच्या बाजूने भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई मुंबईत झटत होते. १९४० मध्ये त्यांनी हिंदी नाविक मजुरांवर इंग्रजीत ग्रंथच लिहिला. नोकरी देणारे दलाल, ज्यांना घाटसारंग म्हणत, ते बिचाऱ्या खलाशाकडून आगाऊ पैसे उकळीत. १९५४ साली मुंबईत सरकारी नाविक रोजगार कचेरी उघडली तेव्हा ही साखळी तुटू लागली. १९५८ चा व्यापारी जहाजवाहतूक कायदा आणि १९६६ चा नाविकांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा यांनी वर्गणीच्या डब्यातले काही काम सरकारी वहीत नेले.

मग डबा आता रिकामा करावा काय? अलीकडे नवी आपत्ती वाढली आहे. मालक दिवाळखोर होतो, जहाज परक्या बंदरात सोडून देतो, आणि कप्तान व खलाशी दोघेही पगाराविना तेथेच अडकतात. उतरून जावे तर जहाज टाकल्याचा ठपका, थांबावे तर पाणी आणि डिझेल संपते. २००६ च्या आंतरराष्ट्रीय नाविक मजूर कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. जानेवारी २०१७ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे अशा वेळी चार महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगाराची हमी मालकाने आधीच देऊन ठेवावी लागते. १९२० चे दोन महिने, २०१७ चे चार. परंतु ती हमी वठविण्यासाठी अर्ज करावा लागतो, कागद जोडावे लागतात, बंदरातल्या अधिकाऱ्याला गाठावे लागते. आणि जहाजावरच्या माणसाचा फोन बंद पडलेला असतो. तो अर्ज वांद्र्याच्या एखाद्या घरातून त्याची बायको घेऊन निघते, ती बॅलार्ड इस्टेटीत युनियनच्या कचेरीचा जिना चढते, आणि तेथे तिच्याकडून कागद घेणारा बहुधा स्वतः कधीतरी इंजिनखोलीत उभा राहिलेला माणूस असतो.