आइसलँड : भ्रमनिरासाचा एक अभ्यास

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

‘लोकांना कशाचेच काही वाटेनासे झाले आहे’ हे वाक्य आपल्या बैठकांतून अलीकडे फार वेळा ऐकू येते. लोक मोर्चाला येतात, सभेत टाळ्या देतात, आणि चार वर्षांनी ज्यांच्याविरुद्ध मोर्चा काढला त्यांनाच निवडून देतात. तेव्हा जनतेची स्मरणशक्तीच अल्प आहे, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. हा निष्कर्ष आपल्या सोयीचा आहे यात शंका नाही. तो खरा कितपत आहे हे तपासण्यासाठी मी आज एका दूरच्या, लहानशा देशाचे उदाहरण आपणांपुढे ठेवणार आहे. तो देश म्हणजे आइसलँड. उत्तर अटलांटिकमधील या बेटाची लोकसंख्या २००८ साली सुमारे तीन लाख वीस हजार होती. आपल्याकडील एखाद्या मध्यम शहरात याहून अधिक माणसे राहतात. परंतु देश लहान असला की आर्थिक सत्ता आणि राजकीय सत्ता यांना जोडणारे धागे उघड्या डोळ्यांना दिसतात, आणि अभ्यासकाला हा मोठाच लाभ असतो.

या देशाची खरी संपत्ती म्हणजे समुद्रातील मासळी. १९८४ पासून तेथे मासेमारीसाठी कोटापद्धती आली. आधीच्या तीन वर्षांत ज्या बोटीने जेवढी मासळी धरली, त्या प्रमाणात तिला हक्क मिळाले. १९९० च्या कायद्याने हे हक्क सर्रास विकता येऊ लागले. त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात मात्र मत्स्यसंपदा ही आइसलँडच्या जनतेची सामाईक मालमत्ता आहे, असे लिहिलेले होते! मालमत्ता जनतेची, आणि तिच्या खरेदीविक्रीचा नफा थोड्या घराण्यांचा, अशी ही व्यवस्था. या हक्कांच्या तारणावर बँकांनी कर्जे दिली आणि समुद्रातील मासळीचे भांडवल झाले. पुढे २००३ पर्यंत सरकारी बँकांचे खाजगीकरण पुरे झाले. सत्तेवरील दोन पक्षांशी, म्हणजे स्वातंत्र्य पक्ष आणि प्रागतिक पक्ष यांच्याशी जवळीक असलेल्या गटांच्या हाती त्या गेल्या. अवघ्या पाच वर्षांत काउपथिंग, लांड्सबांकी आणि ग्लिटनिर या तीन बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या नऊ-दहा पटींवर गेला.

ऑक्टोबर २००८ च्या दुसऱ्या आठवड्यात या तिन्ही बँका एकापाठोपाठ एक कोसळल्या. ६ ऑक्टोबरला पंतप्रधान गेईर हार्दे यांनी दूरचित्रवाणीवरून राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणाच्या शेवटी देवाने आइसलँडचे रक्षण करावे, अशी प्रार्थना केली. ८ ऑक्टोबरला ब्रिटनने आपल्या दहशतवादविरोधी कायद्याचा आधार घेऊन लांड्सबांकीची मालमत्ता गोठविली. क्रोना या चलनाची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे २१० कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले.

हा आघात घराघरांत कसा पोहोचला, हे समजून घेतले पाहिजे. कारण पुढचे सारे राजकारण त्यावर फिरले. आइसलँडमधील गृहकर्जे प्रायः किंमत-निर्देशांकाशी बांधलेली असतात. बाजारातील भाव वाढले की नुसते व्याज नव्हे, कर्जाची मुद्दलच वाढते. चलन घसरले, आयात माल महागला, आणि त्याबरोबर दर महिन्याला हप्ता भरणाऱ्या कुटुंबाचे मूळ कर्जही फुगत गेले. ज्यांनी येन किंवा फ्रँक यांसारख्या परकी चलनांशी निगडित कर्जे घेतली होती, त्यांचे ओझे दुप्पट झाले. एक-दोन टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी आठ-नऊ टक्क्यांवर गेली.

लोक स्वस्थ बसले नाहीत. गायक हर्दुर तोर्फासोन यांच्या पुढाकाराने रेक्याविकच्या संसद भवनासमोरील चौकात दर शनिवारी सभा भरू लागल्या. २० जानेवारी २००९ रोजी संसदेचे अधिवेशन सुरू झाले तेव्हा हजारो नागरिक स्वयंपाकघरातील भांडी घेऊन आले आणि त्यांच्या गजरात सभागृहातील भाषणे बुडून गेली. त्या महिन्याच्या अखेरीस सरकार कोसळले. एप्रिलमधील निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटिक आघाडी आणि डावे-हरित आंदोलन यांना मिळून ६३ पैकी ३४ जागा मिळाल्या. त्या देशाच्या इतिहासात डाव्या पक्षांना प्रथमच स्पष्ट बहुमत लाभले आणि योहाना सिगुर्दार्दोत्तिर पंतप्रधान झाल्या.

चौकातल्या लोकांची मागणी केवळ नव्या मंत्रिमंडळाची नव्हती. देशाची घटना १९४४ ची, आणि तीही डॅनिश राजाच्या काळातील घटनेवरून बेतलेली. प्रजासत्ताक स्थापन होताना तिचा समग्र फेरविचार करण्याचे आश्वासन दिले गेले होते. समित्यांमागून समित्या नेमल्या गेल्या; फेरविचार झाला नाही. ज्या व्यवस्थेने मासळी आणि बँका मूठभरांच्या हाती दिल्या, ती व्यवस्था मुळापासून बदलावी, असे लोक म्हणत होते.

त्यानंतर जे घडले ते लोकशाहीच्या इतिहासात नोंद करण्याजोगे आहे. ६ नोव्हेंबर २०१० रोजी मतदारांमधून यदृच्छेने निवडलेले सुमारे ९५० नागरिक एकत्र बसले आणि नव्या घटनेची मूल्ये कोणती असावीत, याची त्यांनी दिवसभर चर्चा केली. त्याच महिन्यात ५२२ उमेदवारांतून २५ जणांची घटना-सभा निवडून आली. मतदान जेमतेम ३७ टक्के झाले, हेही नमूद केले पाहिजे. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतपेट्या आणि मतदानाचे आडोसे यांसारख्या तांत्रिक दोषांवर बोट ठेवून ती निवडणूक रद्द ठरविली. तेव्हा संसदेने त्याच व्यक्तींची ‘घटना परिषद’ म्हणून नियुक्ती केली. परिषदेने आपले मसुदे वेळोवेळी इंटरनेटवर खुले केले, नागरिकांच्या सूचना घेतल्या, आणि जुलै २०११ च्या अखेरीस ११४ कलमांचा मसुदा एकमताने पुरा केला. खाजगी मालकीत नसलेली नैसर्गिक संपत्ती ही राष्ट्राची सामाईक व चिरंतन मालमत्ता राहील. प्रत्येक मताचे मूल्य समान असेल. दहा टक्के मतदारांना एखाद्या कायद्यावर सार्वमत मागता येईल, अशी कलमे त्यात होती. २० ऑक्टोबर २०१२ रोजी सार्वमत घेतले गेले. निम्म्याच्या जवळपास मतदारांनी भाग घेतला. त्यांपैकी दोनतृतीयांशांनी हा मसुदा नव्या घटनेचा पाया असावा, असा कौल दिला. नैसर्गिक संपत्तीच्या कलमाला तर ८० टक्क्यांहून अधिक पाठिंबा मिळाला.

आणि मार्च २०१३ च्या अखेरीस संसदेचे अधिवेशन या मसुद्यावर अंतिम मतदान न घेताच संपले.

हे का झाले? स्वातंत्र्य पक्ष आणि प्रागतिक पक्ष यांनी लांबलचक भाषणे करून कामकाज रोखून धरले, हे खरेच आहे. कोट्यांचे मालक आणि त्यांचे राजकीय मित्र विरोध करणार, यात आश्चर्य ते काय? पण तेवढे सांगून आपली सुटका होत नाही. बहुमत डाव्यांचे होते. परिषदेचे एक सदस्य, अर्थशास्त्रज्ञ थोरवाल्दुर गिल्वासोन यांनी लिहून ठेवले आहे की, निम्म्याहून अधिक संसद-सदस्यांनी मसुद्याला जाहीर पाठिंबा दिला होता. चर्चा थांबवून मतदान पुकारण्याची तरतूद संसदेच्या नियमांत होती. ती वापरली गेली नाही. सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या नव्या नेतृत्वाने वेळ उरला नसल्याचे सांगून माघार घेतली आणि घटनादुरुस्तीच्या पद्धतीपुरती एक तात्पुरती तरतूद करून विषय मिटविला. तिचा वापर पुढे कधीच झाला नाही.

मित्रहो, येथे एक मूलभूत दोष ध्यानात घेतला पाहिजे. भारताच्या संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी आपले संविधान स्वतः स्वीकृत केले. त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या दारात उभे राहण्याची गरज तिला नव्हती. आइसलँडच्या परिषदेला हा अधिकार नव्हता. तिचा मसुदा सल्ल्याच्या स्वरूपाचा होता. सार्वमतही सल्ल्याचेच होते. घटनादुरुस्तीसाठी एका संसदेने ठराव मंजूर करायचा, मग निवडणूक व्हायची, आणि नव्या संसदेने तो पुन्हा मंजूर करायचा, असा तेथील नियम आहे. म्हणजे ज्यांची सत्ता मर्यादित करावयाची, त्यांच्याच हाती शेवटची किल्ली राहिली. लोकांनी घर बांधले, पण कुलूप जुन्या मालकाचेच होते.

दुसरा दोष याहून कडू आहे. डावे सरकार आले ते नाणेनिधीच्या करारासह. तूट भरून काढण्यासाठी त्यानेच काटकसर केली आणि कर वाढविले. लांड्सबांकीच्या ‘आइससेव्ह’ खात्यांतील ब्रिटिश व डच ठेवीदारांचे पैसे राज्याने परत करावेत, अशा करारांच्या बाजूने हे सरकार उभे राहिले. खाजगी बँकेचे देणे आम्ही का फेडावे, असे म्हणत जनतेने मार्च २०१० आणि एप्रिल २०११ मध्ये दोन्ही वेळा ते करार सार्वमताने फेटाळले. जानेवारी २०१३ मध्ये एफ्टा न्यायालयाचा निकालही आइसलँडच्या बाजूने लागला. गृहकर्जाच्या प्रश्नावर सरकारने काही सवलती दिल्या, परंतु निर्देशांकाची पद्धत तशीच राहिली. ऑक्टोबर २०१० मध्ये हजारो लोक पुन्हा त्याच चौकात पिंपे बडवीत उभे होते. या खेपेस आत सरकार डाव्यांचे होते.

मग एप्रिल २०१३ ची निवडणूक आली. प्रागतिक पक्षाने गृहकर्जाची मुद्दल कमी करून देण्याचे वचन दिले आणि परकी धनकोंकडून त्याचा खर्च काढू, असे सांगितले. त्या पक्षाला आणि स्वातंत्र्य पक्षाला प्रत्येकी १९ जागा मिळाल्या. डाव्यांच्या ३४ जागांच्या १६ झाल्या. बँका ज्यांनी विकल्या होत्या, तेच पक्ष चार वर्षांत परत आले. आता सांगा, लोकांची स्मरणशक्ती कमी होती की त्यांचा हिशोब पक्का होता? ज्यांना घटना बदलावयाची होती त्यांनी ती बदलली नाही. ज्यांचा हप्ता वाढला होता त्यांना हप्त्याविषयी कोणीतरी बोलत असल्याचे दिसले. संसदेवरील विश्वास कोसळण्यापूर्वी चाळीस टक्क्यांच्या आसपास होता. नंतरच्या पाहण्यांत तो दहा-बारा टक्क्यांवर आला आणि डाव्यांच्या राज्यातही तेथेच रेंगाळला.

सारेच व्यर्थ गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चौकशी आयोगाने २०१० मध्ये दोन हजारांहून अधिक पृष्ठांचा अहवाल दिला आणि रेक्याविकच्या नाट्यगृहात तो जाहीरपणे वाचला गेला. काउपथिंगच्या प्रमुखांना २०१३ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांना दोषीच ठरविले. माजी पंतप्रधान हार्दे यांच्यावर खास न्यायालयात खटला चालला. २०१२ मध्ये एका आरोपावर ते दोषी ठरले, परंतु शिक्षा झाली नाही. फार थोड्या देशांत एवढे झाले. तथापि अपराध्याला शिक्षा होणे आणि अपराध घडविणारी व्यवस्था बदलणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पुढील कथा थोडक्यात सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये ‘पनामा पेपर्स’मुळे पंतप्रधान सिग्मुंदुर दाविद गुन्लॉग्सन यांचा परदेशी कंपनीशी असलेला संबंध उघड झाला, चौक पुन्हा भरला, आणि त्यांना जावे लागले. २०१७ च्या अखेरीस डाव्या-हरितांच्या नेत्या काट्रिन याकोब्सदोत्तिर पंतप्रधान झाल्या, पण त्या स्वातंत्र्य पक्ष आणि प्रागतिक पक्ष यांच्याच सोबतीने. २०२० मध्ये त्रेचाळीस हजारांहून अधिक नागरिकांनी नवी घटना कोठे आहे, असे विचारणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. २०२१ मध्ये काही निवडक दुरुस्त्या मांडल्या गेल्या; त्याही मंजूर झाल्या नाहीत. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत डावे-हरित आंदोलन अडीच टक्क्यांच्याही खाली गेले आणि संसदेतून नाहीसे झाले. सोशल डेमोक्रॅट पक्ष क्रिस्ट्रून फ्रोस्तादोत्तिर यांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला. जुलै २०२५ मध्ये मासेमारीवरील शुल्क वाढविणारे विधेयक विरोधकांनी आठवडेच्या आठवडे अडविले; तेव्हा संसदेच्या अध्यक्षांनी चर्चा बंद करण्याचा तो क्वचित वापरला जाणारा अधिकार वापरला आणि कायदा संमत झाला. २०१३ मध्ये जे अशक्य म्हणून सांगितले गेले होते, ते अशक्य नव्हते, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

यातून कार्यकर्त्याने काय घ्यावे? संकटाच्या काळात जनता जी शक्ती उभी करते तिचे आयुष्य थोडे असते. माणसांना कामावर जावे लागते, मुले सांभाळावी लागतात. ती रोज चौकात उभी राहू शकत नाहीत. म्हणून ती शक्ती भरात असतानाच तिचे रूपांतर अधिकारात, कायद्यात झाले पाहिजे. ‘आधी घडी बसवू, मग सुधारणा करू’ असे म्हणणारे सरकार जुनीच घडी बसवून देते. तसेच घटनेचा प्रश्न आणि घराच्या हप्त्याचा प्रश्न हे वेगळे नाहीत. मासळी कोणाची, हे घटनेत ठरते आणि कर्जफेड कोणी करावयाची, हे त्यावरून ठरते. हा संबंध मतदाराला उलगडून दाखविणे हे आपले काम होते आणि आहे.

आणि अखेरची गोष्ट. आइसलँडच्या जनतेने सरकार पाडले, सूचना दिल्या, सार्वमतात कौल दिला, सह्या केल्या. एका समाजाकडून याहून अधिक काय अपेक्षावे? तिच्या वतीने सत्तेत बसलेल्यांनी मतदान पुकारले नाही. तेव्हा ‘लोकांना काही वाटेनासे झाले आहे’ असे पुढच्या बैठकीत कोणी म्हणाले, तर त्यांनी आपल्या हाती शेवटचे काय सोपविले होते आणि आपण त्याचे काय केले, हा प्रश्न त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला घ्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.