नरसीचे कीर्तन आणि कोकणातले शनवार तेली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी हिंगोली जिल्ह्यातला, औंढा तालुक्यातला. लहानपणी आमच्या गावात एक बैलघाणा होता. करडीचे तेल आणायला बरणी घेऊन मला तिथे पाठवीत. सोमवारी मात्र घाणा बंद. सोमवार हा महादेवाचा वार आणि बैल म्हणजे त्याचा नंदी. त्या दिवशी त्याला जू लावायचे नाही, असा त्या घरचा नेम होता. नागनाथाच्या छायेत राहणाऱ्या आम्हा मुलांना त्यात काही नवल वाटत नसे.

पण सोमवार पाळणारे तेली असतात, तसे शनिवार पाळणारे तेलीही महाराष्ट्रात होते, आणि ते ज्यू होते, हे मला कळायला १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मी ठाण्याला एका छापखान्यात खिळे जुळवण्याच्या कामाला लागलो. टेंभी नाक्याजवळच्या एका चाळीत खोली मिळाली. शेजारी एक आजी राहायच्या. नऊवारी लुगडे, कपाळाला मात्र कुंकू नाही. आडनाव कोकणातल्या गावाचे, शेवटी ‘कर’. मी त्यांना कोकणी मराठा समजून चाललो होतो. एका शनिवारी सकाळी त्या म्हणाल्या, “आज आमच्या मशिदीत जायचंय, खोलीकडे लक्ष ठेव रे.” मी चक्रावलो. नऊवारी नेसलेली बाई मशिदीत जाते म्हणजे काय?

संध्याकाळी त्यांनीच उलगडा केला. “अरे, आम्ही बेने इस्राएल. आमच्या प्रार्थनामंदिराला आम्ही मशीदच म्हणतो.” ठाण्याचे ते प्रार्थनामंदिर १८७९ सालचे. रोज त्याच्या दारावरून जात होतो, पण पाटी वाचण्याचे कष्ट मी घेतले नव्हते.

आजींनी मग मला त्यांच्या लोकांची कथा सांगितली. फार फार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली. पोथ्या, चीजवस्तू, सगळे समुद्रात गेले. हे कधी घडले याबद्दल जाणकारांत एकमत नाही. कुणी दोन हजार वर्षे सांगतात, कुणी त्याहून बरेच अलीकडचे मानतात. पण नवगावची ती दफनभूमी आजही आहे आणि तिथे स्मारकही उभे आहे.

पोथ्या बुडाल्या, भाषाही हळूहळू गेली. उरले काय? शनिवारी काम करायचे नाही, मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, खाण्यापिण्याचे काही नियम पाळायचे आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना. बाकी सगळे त्यांनी कोकणातून घेतले. तेल गाळण्याचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. ज्या गावी राहिले त्या गावाचे आडनाव झाले: रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी. सणांची नावेही अशी की आपल्याला वाटावे शेजारच्याच घरातली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. प्रायश्चित्ताच्या कडक उपासाला म्हणायचे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे.

एलियाहू या संदेष्ट्याच्या नावाने ते मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि वर फळे. आजींनी तो माझ्या हातावर ठेवला तेव्हा मला आमच्याकडचा काल्याचा प्रसाद आठवला. त्यांच्या घरी मटण शिजले की त्या दिवशी चहा कोरा मिळायचा. मांस आणि दूध एका जेवणात येऊ द्यायचे नाही, हा त्यांचा नियम. मला तो चहा आवडत नसे, पण मी बोललो नाही.

पुढे कोचीनकडून आलेल्या डेव्हिड राहबी नावाच्या एका ज्यू गृहस्थाने या लोकांना ओळखले, अशी परंपरा आहे. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पंख आणि खवले असलेले तेवढे मासे वेगळे काढले, बाकीच्यांना हात लावला नाही. धर्मग्रंथात नेमका हाच नियम आहे. ग्रंथ बुडाला होता, पण नियम स्वयंपाकघरात शिल्लक होता. राहबीने मग त्यांच्यातल्या तिघांना शिकवून तयार केले आणि त्यांना ‘काजी’ म्हणू लागले.

इंग्रजांच्या काळात हे लोक फौजेत आणि मुंबईत आले. सामाजी हसाजी दिवेकर हा असाच एक फौजी. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात तो कैद झाला आणि सुटून आला. त्याने १७९६ साली मुंबईत मांडवी भागात बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. तो रस्ता पुढे सॅम्युएल स्ट्रीट झाला. लोकलच्या ‘मशीद’ स्टेशनाचे नावही याच प्रार्थनामंदिरावरून पडले, असे सांगतात. आपण हजारदा त्या स्टेशनावरून जातो!

अमेरिकेतल्या ज्यूंची गोष्टही एका जहाजापासून सुरू होते. १६५४ साली ब्राझीलमधून निघालेले तेवीस ज्यू आजच्या न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. तिथल्या डच गव्हर्नरला ते नको होते, त्यांना राहू देण्यासाठी वरून हुकूम यावा लागला. नवगावला उतरलेल्या चौदा जणांना कुणाचा हुकूम लागला नाही. या भूमीवर ज्यू म्हणून कुणी त्यांचा छळ केला नाही, हे बेने इस्राएल आजही आवर्जून सांगतात. ऐकून आपल्याला बरे वाटते. वाटावेच.

आता मी ज्यासाठी बोलायला बसलो त्याकडे येतो. एका रात्री आजींच्या घरातून पेटीचा आवाज आला. बायका जमल्या होत्या आणि मराठीत कीर्तन चालले होते. चाली ओळखीच्या, साकी ओळखीची, दिंडी ओळखीची, पण कथा होती योसेफाची. भावांनी विहिरीत टाकलेल्या, पुढे मिसर देशात मोठ्या पदाला चढलेल्या योसेफाची. मी दारातच थबकलो. आजींनी विचारले, “काय रे, कधी ऐकलं नाहीस?” मी म्हणालो, “आजी, आमच्याकडे नरसी आहे. नामदेवांचं गाव. कीर्तन आमच्या रक्तात आहे, पण हे नाही ऐकलं.” त्या हसून म्हणाल्या, “म्हणजे हे आम्ही तुमच्याकडूनच आणलं की!”

ते खरेच होते. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी हरिकीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात अब्राहम, मोशे, योसेफ यांच्या कथा बसवल्या. यात बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव पुढे येते. आपल्या लोकांना हिब्रू येत नाही आणि मराठी तर घरची आहे, तेव्हा धर्म मराठीतूनच सांगावा, हा सरळ विचार. त्याच काळात त्यांच्या प्रार्थना मराठीत छापल्या जात होत्या. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची पोथी हिब्रू आणि मराठीत शेजारी शेजारी छापली गेली. १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. नरसीच्या नामदेवांची पदे पंजाबात जाऊन गुरू ग्रंथ साहिबात बसली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी रुजवलेल्या कीर्तनाच्या वाटेने मोशेही चालत आला, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

पण श्रोतेहो, गोडच तेवढे सांगितले तर ते अर्धेच होईल. आजींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, जरा खालच्या आवाजात. त्यांच्यात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असे दोन भाग होते. ज्यांच्या घराण्यात बाहेरची बाई आली, ते काळे ठरले. दोघांत लग्ने होत नसत. हे त्यांच्या धर्मग्रंथात कुठे आहे? हे तर आपल्याच मातीतले. त्यांनी आपल्याकडून कीर्तन घेतले, तशी जातही घेतली. आपण पाहुण्याचा छळ केला नाही हे खरे, पण त्याच्या ताटात आपण काय काय वाढले, तेही आठवले पाहिजे.

त्याची झळ पुढे त्यांनाच निराळ्या रूपात लागली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि बेने इस्राएल तिकडे जाऊ लागले. इथून त्यांना कुणी हाकलले नव्हते. धर्माची ओढ होती, पुढच्या पिढीची काळजी होती. पण तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढली. तुम्ही इतकी शतके वेगळे राहिलात, तेव्हा तुमच्याशी लग्न लावायचे तर आधी तुमच्या घराण्याची चौकशी करू, असे १९६२ च्या सुमारास ठरले. शनिवारचा घाणा शतकानुशतके बंद ठेवणाऱ्यांना आता विचारत होते, तुम्ही ज्यू कशावरून? त्यांनी जेरुसलेमात धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत.

इथे राहिलेल्यांनी या देशाला काय दिले, त्याची यादी मोठी आहे. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या डॉ. जेरुशा झिराड, मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस, ‘बूट पॉलिश’ चित्रपटातले जॉनचाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, इंग्रजीतले कवी निसीम इझिकेल. यातल्या किती जणांचा धर्म आपण कधी विचारला होता?

आजी १९८४ साली लेकाकडे इस्राएलला गेल्या. मी तोवर गावाकडे परतून शिक्षक झालो होतो. त्यांचे एक पत्र आले, देवनागरीत. लिहिले होते, “इथे नातवंडे माझ्याशी हिब्रूत बोलतात. मी मराठीत रागावते. राग तेवढा त्यांना समजतो.” त्यानंतर पत्रे थांबली. पुढे कळले की तिथल्या मराठी मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले, ते महाराष्ट्र दिनही साजरा करतात. आज भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार लोक इस्राएलात आहेत असे सांगतात. इथे, २०११ च्या जनगणनेत, साऱ्या भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास भरले. त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्या राज्यात. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. रायगड जिल्ह्यात अजून त्यांची जुनी मंदिरे उभी आहेत, अलिबागेत इस्राएल आळी आहे. आळी आहे, पण आळीतली माणसे बहुतेक गेली.

ही गोष्ट मी आज का सांगतो? आमच्या गावातला घाणाही कधीच बंद पडला. दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी घरे ऊसतोडीला निघतात, शिकलेली मुले पुणे-मुंबई गाठतात. माझा मुलगा पुण्यात आहे. त्याची मुलगी माझ्याशी फोनवर बोलताना मधेच इंग्रजीत जाते, आणि मग मला आजींचे पत्र आठवते. घर सोडताना माणूस काय बरोबर नेतो? नवगावच्या त्या चौदा जणांकडे एकही पोथी नव्हती. एक वार, एक प्रार्थना आणि स्वयंपाकघरातले दोन नियम एवढेच त्यांनी धरून ठेवले, आणि तेवढ्यावर त्यांचे मूळ टिकले.

यंदा नात सुटीत आली की मी तिला नरसीला नेणार आहे. कीर्तन ऐकवणार आहे. आणि परतताना रस्त्यात तिला योसेफाची गोष्ट सांगणार आहे, मराठीत. ती मधेच इंग्रजीत शिरली तर मी रागावणार नाही.